संत हेरवाल्डच्या पेटीतली माती

१

पेटीतून संत निघालाच नाही. निघाली ती काळी, ओली माती.

एडिव्हाने ते भिंतीतल्या फटीतून पाहिलं. सेजमिअर मठाच्या चर्चला उत्तरेकडून चिकटून एक खोली होती. तिचं दार बाहेरून दगडांनी चिणलेलं होतं आणि आत एडिव्हा राहत होती, स्वतःच्या मर्जीने, मरेपर्यंत. खोलीला दोन तोंडं होती. एक खिडकी बाहेर कबरस्तानाकडे, तिच्यावर कायम काळा पडदा. तिथून मोलकरीण गुनिल्ड भाकर-पाणी द्यायची आणि गावातली माणसं आपली गाऱ्हाणी सांगायची. दुसरी ही फट, वीतभर रुंद, चर्चच्या आत उघडणारी. फटीतून वेदी दिसायची, तिच्या शेजारची संत हेरवाल्डची दगडी कबर दिसायची, आणि दोन्ही बाजूंना जग कापल्यासारखं संपायचं.

आज संताचा सण. जुनी कबर उघडून त्याची हाडं नव्या पेटीत ठेवली होती आणि ती पेटी आज बिशपच्या माणसासमोर उघडायची होती. बिशपचा माणूस म्हणजे फादर हॅमो. गोरा, नीटनेटका, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणारा. त्याच्या शेजारी मठाधिपती जर्व्हेज उभे होते, उजव्या हाताला फडकं गुंडाळून. "मेणबत्तीचं मेण सांडलं," असं त्यांनी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. वेदीच्या चाव्या सांभाळणारे म्हातारे लिओफस्टन पुढे झाले, त्यांनी पेटीवरचं लाखेचं सील फोडलं, झाकण उचललं, आणि आतली रेशमी कापडाची घडी बाजूला केली.

चर्चमध्ये माणूस माणसाला चिकटून उभा होता. तरी क्षणभर अशी शांतता पडली की कुठेतरी कोणाच्या तरी पोराला उचकी लागली तीही ऐकू आली.

"चिखल?" हॅमो म्हणाला. "संताऐवजी चिखल?"

मागून एक बाई किंचाळली, "संत रागावला! हेरवाल्ड मातीत गेला!" आणि मग सगळेच ओरडू लागले. कोणी गुडघ्यावर पडलं, कोणी दाराकडे पळालं. लिओफस्टन पेटीच्या कडेला धरून खालीच बसले. मठाधिपती मात्र हलले नाहीत. फडकं बांधलेला हात छातीशी धरून ते पेटीत पाहत राहिले.

हॅमोने गर्दीकडे पाहिलंच नाही. तो सावकाश वळला आणि सरळ फटीकडे चालत आला. त्याचा चेहरा इतका जवळ आला की एडिव्हाला त्याच्या श्वासातली बडीशेप कळली.

"माई," तो म्हणाला, "या चर्चवर चोवीस तास नजर असलेलं एकच माणूस आहे. तुम्ही."

२

"काल संध्याकाळी पेटी वेदीपुढे आणून ठेवली," एडिव्हा म्हणाली. "तेव्हापासून मी इथेच आहे. पेटीला कोणी हात लावलेला नाही."

"झोपला नाहीत?"

"संताच्या सणाच्या आदल्या रात्री मी झोपत नाही. गुनिल्डला विचारा. मी तिलाही झोपू देत नाही."

हॅमो हसला नाही. "म्हणजे घडलं ते त्याआधी. पेटी मागच्या खोलीत होती तेव्हा. परवा लिओफस्टनभाऊंनी हाडं धुतली, माझ्यासमोर रेशमात गुंडाळली, मठाधिपतींनी आपल्या अंगठीने सील केलं. हाडं मी या डोळ्यांनी पाहिली, माई. आणि काल दिवसभर त्या खोलीत एकच परका माणूस येऊन गेला. जळण टाकायला."

"तोवी?"

"तोच. तो वाम मासे पकडणारा. उन्हाळ्यात दलदलीतली माती कापून, वाळवून मठाला जळणासाठी विकतो. पेटीत काय सापडलं? माती. आणि त्याच्या होडीत काय सापडलं, सांगू?" हॅमोने दोन बोटांत एक लाल रेशमी नाडी धरली होती. "हाडांची घडी या नाडीने बांधली होती."

"पण सील तर अखंड होतं."

"गरम सुरीने सील अख्खं उचलता येतं आणि परत चिकटवता येतं. असल्या लबाड्या मला नव्या नाहीत." तो थांबला. "संताची चोरी म्हणजे देवाची चोरी. उद्या बाजार भरला की त्याचा उजवा हात मनगटापासून तोडतील. हाडं कोणाला विकली ते हात जायच्या आधी सांगितलं तर बरं, नाहीतर नंतर डावा आहेच."

तोवीला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याचा फक्त खोकला तिला ओळखीचा होता, थंडीच्या सकाळी कबरस्तानातून जाणारा.

"ती माती मला दाखवाल का?" तिने विचारलं.

"मातीत काय बघायचंय?"

"मला दुसरं काय असतं हो बघायला?"

हॅमोने खांदे उडवले, पण थोड्या वेळाने एक ढेकूळ फटीतून आत सरकवलं. एडिव्हाने ते हातात घेतलं आणि तिच्या बोटांतून पाणी निथळलं. तिने ते कुस्करलं. आत पांढरी, जिवंत मुळं होती, आणि एका मुळाला करड्या-हिरव्या पानांची बारकी डहाळी. तिने पान चुरगाळून नाकाशी नेलं.

तो वास सेजमिअरमध्ये सगळ्यांना ठाऊक होता. संताचं झुडूप. दलदलीत खोल आत, हेरवाल्डच्या बेटावर ते माजलेलं असे. ज्या बेटावर तो मठातला साधू सगळं सोडून एकटा जाऊन राहिला, बगळ्यांखेरीज कोणाशी बोलला नाही, आणि मरताना म्हणाला, मला इथेच असू द्या. मठवाल्यांनी मात्र त्याला उचलून चर्चमध्ये आणलं, दगडात घातलं, आणि तेव्हापासून त्याला माणसांचा गराडा पडला तो पडलाच.

तोवीचं जळण वाळलेलं असायचं, चुलीच्या धुराने माखलेलं. ही माती नुकतीच जमिनीतून निघाली होती. आणि जो माणूस बेटावर जमीन खणतो, तो तिथली माती काढतो कशाला? तिथे काही ठेवायला.

एडिव्हाने ढेकूळ हलकेच जमिनीवर ठेवलं. हाडं विकली गेलीच नव्हती.

३

दुपारी खिडकीबाहेर हुंदके ऐकू आले. तोवीची बायको आसा होती.

"माई, माजा नवरा चोर न्हाई," पडद्याआडून ती म्हणाली. "वामाच्या सापळ्यातसुदीक शेजाऱ्याचा मासा आला तर परत नेऊन देतो. येडाच हाय तो. परवापासून तापाने फणफणलेला. काल सकाळी कसंबसं जळण टाकून आला तो आडवाच झाला. मी सांगितलं त्या पादऱ्याला. तो म्हणतो, बायका नवऱ्यासाठी काय वाट्टेल ते सांगतात."

"आणि तुझ्या होडीत ती नाडी कशी आली?"

"मला काय ठावं! काल दुपारी एवढं धुकं होतं, हात पसरला तर बोटं दिसंनात. संध्याकाळी होडी बघायला गेले तर होडी भलतीकडंच. आमची जागा त्या वाकड्या विलोच्या झाडापाशी. ती बांधलेली मठाच्या धक्क्याला. कुणीतरी नेली होती, माई. आतमदी चिखलच चिखल. आन् गाठ तर अशी मारलेली की सुटता सुटंना. तोवीने तापात शिव्या घालत सुरीने दोर कापला."

"तो तुकडा कुठे आहे?"

"दोर कोण टाकतंय! शेळी बांधलीय त्यानं."

"शेळी सोड आणि तो घेऊन ये. गाठ सोडवू नकोस."

आसा धावतच गेली आणि धावतच आली. पडद्याखालून दोर आत आला. एडिव्हाने गाठ उजेडाकडे धरली, आणि तिचा हात थांबला.

फार वर्षांपूर्वी, ती तरुण असताना, तिचं लग्न एका नॉर्मन सरदाराशी झालं होतं. पहिल्या उन्हाळ्यात तो तिला समुद्रापार आपल्या गावी घेऊन गेला. जहाजावर तिला सारखी मळमळ व्हायची, म्हणून ती एका जागी बसून खलाशांच्या हातांकडे बघत राही. ते अशी गाठ मारायचे. लाटेने जितकं ओढावं तितकी आवळत जाणारी. इथल्या संथ पाण्यात तिची कोणाला गरजच नव्हती. नंतर एका शरद ऋतूत ताप आला आणि नवरा, दोन मुली, घरातली सगळी फ्रेंच बोलणारी माणसं घेऊन गेला. त्या भाषेत एडिव्हाशी बोलणारं कोणी उरलं नाही. ती इथे आली आणि तिने दार चिणून घेतलं.

"काय हाय त्यात, माई?" आसाने विचारलं. "वाचंल का तो?"

"आसा, घरी जा. त्याला कोठडीत घोंगडी नेऊन दे. आणि कोणाला गाठीबद्दल बोलू नकोस."

"पण वाचंल का?"

एडिव्हाला उत्तर द्यायचं होतं. तेवढ्यात आत, फटीपाशी, कोणीतरी पुटपुटलं, "माई, हाडं मीच चोरली."

४

फटीत लिओफस्टनचा सुरकुतलेला चेहरा होता. डोळे रडून लाल झाले होते.

"असं मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे," ते म्हणाले. "तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं."

"हात दाखवा तुमचे."

"का?"

"दाखवा हो, भाऊ."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झाले होते; बोटं सरळ होत नव्हती. प्रसादाचा पेलासुद्धा आताशा ते दोन्ही तळव्यांत दाबून उचलत.

"या हातांनी होडी वल्हवलीत? जमीन खणलीत? पेटीभर ओला चिखल वाहिलात?"

"होडी कुठली?" ते गोंधळले. मग ओशाळून म्हणाले, "लोक विचारतील एवढं कशाला. तोवीला पोरंबाळं आहेत. माझं काय, आज आहे उद्या नाही."

"भाऊ, खोटं बोलून संतापुढे जाणार आहात?"

लिओफस्टनने डोळे पुसले. "संत आहे कुठे आता? आणि असता तरी उद्यापर्यंतच असता. तुम्हाला ठाऊक नाही माई. मेलेल्या माणसाचे काय हाल करणार होते ते. हॅमो आदेश घेऊन आला होता. डोकं बिशपच्या चर्चला जाणार. उजवा हात राजाच्या नातेवाइकाला. बरगड्या तीन मठांना वाटून. उरलेलं आमच्याकडे. कसायाकडं जनावर कापतात ना, तसं. मी ती हाडं धुतली, माई. एवढीशी होती. किती बारीक होता तो माणूस. मी धूत होतो आणि हॅमो शेजारी उभा राहून सांगत होता, कोणतं कुणाचं."

"आणि मठाधिपती?"

"त्यांना काय पडलीय? समुद्रापारहून आले तेव्हा म्हणाले होतेच ना, तुमचा हा अडाणी इंग्लिश संत, याला लॅटिनही येत नसेल. तेव्हापासून आमचं कोणी त्यांच्याशी कामापलीकडे बोलत नाही. जहाजवाल्याचा मुलगा आणि रुबाब सरदाराचा. हॅमो बोलत होता आणि हे खिडकीबाहेर बघत उभे होते. एक शब्द नाही काढला."

एडिव्हाने विचारलं, "सील आज तुम्हीच फोडलंत. कसं होतं ते?"

"म्हणजे?"

"उचलून परत चिकटवलेलं होतं का?"

लिओफस्टन दुखावले. "माझा जन्म सीलं फोडण्यात गेला. परत चिकटवलं की खाली दोन थर होतात, कडेला चीर जाते. हे एकसंध होतं. एकदा ओतलेलं, एकदा ठसा मारलेला."

"आणि काल खोलीची चावी?"

"माझ्याच कमरेला. आता जेवणानंतर मला डुलकी लागते..." ते बोलता बोलता थांबले. "सगळ्या मठाला ठाऊक आहे ते."

"काल पेटी इथे आणली तेव्हा चौघांनी उचलली होती. खाली ठेवताना काय आवाज झाला तो मी ऐकला. माणसं धापा टाकत होती. तुम्ही म्हणता हाडं एवढीशी होती."

लिओफस्टन तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं की नाही कोण जाणे, पण ते पुढे काही विचारायला धजले नाहीत. काठी टेकत निघून गेले.

एडिव्हा रिकाम्या कबरीकडे बघत बसली. इतकी वर्षं डोळे उघडले की समोर संत असायचा. सोबत म्हणावी तर तेवढीच. आणि तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी ती कोणालाही सांगू शकत नव्हती. कधीमधी दुपारी, चर्च रिकामं असताना, कोणीतरी येऊन त्या कबरीपाशी बसायचं आणि हळू आवाजात फ्रेंचमध्ये बोलायचं. समुद्राबद्दल. मेलेल्या आईबद्दल. इथल्या माणसांच्या बंद चेहऱ्यांबद्दल. त्या माणसाला वाटायचं, भिंतीपलीकडच्या इंग्लिश बाईला आपली भाषा येत नाही. ते बोलणं देवासाठी होतं. एडिव्हा कानांवर हात ठेवायची, आणि तरीही ऐकू यायचं. ते पुरावा म्हणून वापरणं म्हणजे पाप झालं असतं.

पण गाठ, माती आणि सील, हे तिने चोरून ऐकलेलं नव्हतं. आता फक्त एक गोष्ट बघायची राहिली होती.

५

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मठाधिपती स्वतः तिला ख्रिस्तप्रसाद द्यायला येत. ही प्रथाच होती. बाहेर बाजाराच्या गाड्यांचा खडखडाट सुरू झाला होता. जर्व्हेज फटीपाशी आले. पवित्र भाकर फडक्यात धरून द्यायची नसते, म्हणून त्यांनी उजव्या हाताचं फडकं काढलं होतं.

एडिव्हाने प्रसाद घेतला. हात मागे जायच्या आत तिने तळव्याकडे पाहिलं. बोटांच्या मुळाशी फुटलेले फोड होते, एका ओळीत, लाल मांस दिसणारे.

मेण सांडलं तर हाताच्या पाठीवर सांडतं. तळव्यावर असे फोड वल्हं आणि कुदळ देतात, तेही सवय सुटलेल्या माणसाला.

तिने प्रार्थना संपवली. मग ती फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाबा, गाठ अजून छान मारता तुम्ही."

मठाधिपती दगड झाले. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपर्यंत लाल झाला. तिची भाषा ऐकली त्याच क्षणी त्यांना कळून चुकलं होतं, की एवढ्या वर्षांच्या त्या दुपारी आपण एकटे नव्हतो.

"तुम्ही..." ते म्हणाले. "सगळं?"

"जे संतासाठी होतं ते संतापाशीच राहिलं. मी तुमच्याशी बोलतेय ते चिखलाबद्दल. पेटीतली माती बेटावरची आहे, ओली, झुडपाच्या मुळांसकट. तोवीच्या होडीला खलाशाची गाठ होती. आणि सील चिकटवलेलं नव्हतं, नव्याने मारलेलं होतं. ज्याच्या बोटात अंगठी आहे त्यानेच. परवा धुक्यात, लिओफस्टनभाऊ घोरत असताना. तुम्ही त्याला घरी नेऊन ठेवलंत. आणि पेटी हलकी लागू नये म्हणून त्याच्याच जागेतली माती भरलीत."

जर्व्हेजनी कपाळ भिंतीला टेकवलं. "मला वाटलं, लोक चमत्कार म्हणतील. म्हणालेही. मला वाटलं, तेवढ्यावर मिटेल."

"नाडी होडीत पडली."

"मला दिसली नाही ती. धुकं होतं." ते थांबले. "इथे माझ्याशी कोणी हसून बोललेलं नाही, माई. चूक माझीच. आल्या आल्या मी यांच्या संताची थट्टा केली. मग एकदा त्याचं चरित्र वाचायला घेतलं, दोष काढायला. वाचून झालं आणि वाटलं, अरे, याला तर मी ओळखतो. तेव्हापासून येऊन बसायचो. आणि हा हॅमो त्याच्या बरगड्या मोजायला लागला. मी बिशपला नाही म्हणू शकत नव्हतो. धैर्य झालं नाही. म्हणून चोरासारखं केलं."

"आणि तोवी?"

जर्व्हेजनी फोड आलेला हात झग्यात लपवला.

"आज त्याचा हात तोडतील, बाबा."

"कबूल केलं तर हॅमो विचारेल, कुठे ठेवलंय. बेट खणतील. परत आणतील त्याला, आणि तुकडे करतील."

"तुम्ही काय केलंत तेवढं सांगा. कुठे, ते सांगू नका."

"मला बोलायला लावतील ते."

"मठाधिपतीचे हालहाल करत नाहीत. फार तर दूर पाठवतील. शिक्षा म्हणून एकटं ठेवतील." एडिव्हाचा आवाज मऊ झाला. "त्याची तुम्हाला सवय आहे."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक आहे, जागा कुठली ती."

"मी या खोलीतून कुठे जाणार आहे?"

बाहेर बाजारात ढोल वाजला. लोक गोळा करत होते. झगा गुडघ्यांपर्यंत उचलून जर्व्हेज चर्चच्या दाराकडे अक्षरशः पळत सुटले. एडिव्हाच्या फटीतून ते दोन पावलांत दिसेनासे झाले, आणि पुढे काय झालं ते तिला फक्त ऐकू आलं: ढोल थांबला, कोणीतरी ओरडलं, आणि मग एका बाईचा मोठ्याने रडण्याचा आवाज. ते रडणं कशाचं होतं, हे तिला कळेना.

६

गुनिल्ड धापा टाकत आली. "माई, सोडला! तोवीला सोडला! खोडावर हात ठेवला होता हो त्याचा! मठाधिपती मधेच येऊन पडले. म्हणाले, मी चोर, मी चोर. लोक हसायलाच लागले आधी. वाटलं, डोकं फिरलं यांचं."

एडिव्हा मटकन बसली.

संध्याकाळपर्यंत हॅमोने निकाल दिला. जर्व्हेजची अंगठी काढून घेतली. उत्तरेकडे समुद्रकाठच्या एका गरीब मठात, कुलूपबंद खोलीत, उरलेलं आयुष्य काढायची शिक्षा झाली. हाडं कुठे आहेत या प्रश्नाला त्यांनी तोंड उघडलं नाही. हॅमोने दरडावलं, समजावलं, उपाशी ठेवलं. ते नुसते बसून राहिले. दोन दिवसांनी खेचरावर बसवून त्यांना नेलं. लिओफस्टन फाटकापर्यंत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मठाधिपतींचा हात धरला, म्हणे.

मग हॅमो फटीपाशी आला.

"माई, कबूल करण्याआधी ते तुमच्याशी बोलले. बराच वेळ. लिओफस्टनभाऊंनी पाहिलंय."

"प्रसाद द्यायला आले होते."

"प्रसादाला एवढा वेळ लागत नाही. हाडं कुठे आहेत?" तिने नजर वेदीकडे वळवली, तसा तो हलकेच म्हणाला, "हरकत नाही. मी शुभवर्तमान घेऊन येतो. त्यावर हात ठेवून शपथ घ्या, की तुम्हाला ठाऊक नाही. घेतलीत तर मी आजच निघतो. नाही घेतलीत, तर हे दार फोडून तुम्हाला बिशपपुढे नेईन."

तो ग्रंथ आणायला वळला. खोटी शपथ ती घेऊ शकत नव्हती. खरं सांगू शकत नव्हती. एकच दार उरलं होतं, आणि तेही आतून बंद होणारं.

"भाऊ!" तिने फटीतून हाक मारली. लिओफस्टन वेदीपाशीच होते. "लवकर या. मला मौनाचं व्रत द्या. कायमचं."

म्हाताऱ्याला समजायला वेळ लागला नाही. मौनव्रत घेतलेल्या साध्वीला कोणी बोलायला लावू शकत नाही, बिशपही नाही. तो नियम मठांइतकाच जुना होता. पण त्यांचा चेहरा पडला.

"माई, विचार करा. गावातली माणसं येतात खिडकीशी, तेवढंच तर आहे तुम्हाला. उद्या कोणी हाक मारली तर ओ सुद्धा देता येणार नाही."

"ठाऊक आहे."

"मरेपर्यंत?"

"भाऊ, तो येतोय."

लिओफस्टनने वाकड्या बोटांचा हात फटीशी उंचावला. एडिव्हा खिडकीकडे वळून म्हणाली, "गुनिल्ड, तुझ्या कालच्या सूपात मीठ जास्त झालं होतं. पण चांगलं झालं होतं." मग तिने गुडघे टेकले आणि व्रताचे शब्द एकेक करून, स्पष्ट उच्चारले. शेवटचा शब्द झाला आणि हॅमोच्या पावलांचा आवाज फरशीवर आला.

तो संतापला, त्याने पायऱ्यांवर लाथ मारली, लिओफस्टनना म्हातारा बैल म्हणाला. पण नियम तोडायची त्याची प्राज्ञा नव्हती. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने निघून गेला.

मठाधिपतींच्या कबुलीवर गावाचा विश्वासच बसला नाही; त्यांचं डोकं फिरलं, म्हणे. संत कंटाळून मातीत गेला, असंच ते मानत राहिले. खिडकीशी माणसं काही दिवस आली. प्रश्न विचारायची, थांबायची, पडद्याआडची शांतता ऐकून अवघडून निघून जायची. हळूहळू येणं कमी झालं. हिवाळा लागला तसं गुनिल्डखेरीज कोणी फिरकेना. तीही बोलायची सवय सोडून भाकर ठेवून निघून जाई. एडिव्हा वेदीशेजारच्या रिकाम्या कबरीकडे बघायची. कधी तिचे ओठ हलायचे, आणि ती ते घट्ट मिटून घ्यायची.

ख्रिस्तजन्माच्या थोडं आधी एका दुपारी बाहेर दगडावर कोणीतरी धपकन बसलं.

"माई, मी आसा. बोलू नका, ठावं हाय मला. आमच्या घरी तरी मला कोण उत्तर देतंय? तोवी बसतो चुलीकडं तोंड करून. तर ऐका. आमची शेळी व्यायली. दोन झाली. एक अक्षी लिओफस्टनभाऊंसारखं दिसतंय..."

ती बोलत राहिली. बर्फ पडायला लागलं तरी बोलत राहिली. आत एडिव्हा खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून बसली होती. शेळीची गोष्ट संपली, सासूची सुरू झाली, सासूची संपली, तशी आसा थांबली आणि जरा वेळाने म्हणाली, "येते मी. परत आठवड्याला येईन. जागीच हायसा न्हवं?"

एडिव्हाने बोटाने लाकडी चौकटीवर एकदा टकटक केलं.

"बरं," आसा म्हणाली आणि आणखी थोडा वेळ बसली.